सोळा वर्षं मोजली, अठ्ठावीस तशीच राहिली

नाना गेले त्या दिवशी गावातल्या पोरांनी दोन-तीन तासांत राजापुरातून फ्लेक्स छापून आणला. युनिफॉर्ममधला जुना फोटो, वर तिरंग्याची पट्टी, खाली माजी सैनिक, १९६५ च्या युद्धात सहभाग, भावपूर्ण श्रद्धांजली. तालुक्यातले माजी सैनिक आले, डोक्यावर टोप्या, छातीवर मेडल्स, पुष्पचक्र वाहिलं, कडक सॅल्यूट केला. सरपंच बोलले, शाळेचे गुरुजी बोलले. हे सगळं व्हायलाच पाहिजे होतं, १९५२ साली एकोणीस वर्षांचा पोरगा घरातून निघून बेळगावला जातो, मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होतो, सोळा वर्षं पलटणीत काढतो, पंजाबच्या आघाडीवर लढून परत येतो, त्याला मान द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा. पण त्या सगळ्या भाषणांत एकानेही हे म्हटलं नाही की ह्याच माणसाने १९७० ते १९९८ अशी अठ्ठावीस वर्षं आपल्या गावात आणि खाडीपलीकडच्या दोन गावांत टपाल वाटलं. तिथे जे उभे होते त्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात नानांच्या हातून मनीऑर्डर आलेली आहे. कुणाला नोकरीचा कॉल त्यांनीच आणून दिला, कुणाच्या बापाची तार त्यांनीच आणली. तरी फ्लेक्सवर एक ओळ नाही.

एक मुलगी मात्र मागे गडग्याजवळ उभी होती, खांद्याला बॅग, आमच्या ब्रँच पोस्टातली डाक सेविका. बाहेरगावची आहे, ऑनलाइन मेरिटवर दहावीच्या मार्कांनी तिचा नंबर इथे लागलाय. नानांना तिने नोकरीत कधी बघितलेलं नाही, तिचा तेव्हा जन्मही नव्हता. पाया पडली आणि गेली, कारण एसटी यायच्या आत तिला बॅग बंद करून द्यायची होती.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. आधी मला वाटलं गाव विसरलं, माणसं अशीच असतात, युनिफॉर्म दिसतो आणि चप्पल झिजलेली दिसत नाही. पण जसजसा विचार करत गेले तसं लक्षात आलं की गावाचा दोष नंतरचा आहे, सरकारनेच ती अठ्ठावीस वर्षं कधी मोजली नाहीत तर गाव कुठून मोजणार. आपल्याकडे कुठली नोकरी मोठी हे माणसं पेन्शनवरून ठरवतात, हे कुणाला आवडो न आवडो पण खरं आहे.

खात्याच्या भाषेत नाना पोस्टमन नव्हतेच मुळी. अख्ख्या पंचक्रोशीत त्यांना पोस्टमन म्हणायचे, पण कागदावर ते एक्स्ट्रा डिपार्टमेंटल डिलिव्हरी एजंट, म्हणजे ईडी. म्हणजे खात्याचं काम करणारा पण खात्याबाहेरचा माणूस. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची आहे, खेड्यात पूर्ण पगाराचा माणूस ठेवणं परवडत नाही म्हणून शाळामास्तर, दुकानदार, थोडी शेती असलेला माणूस असा कुणीतरी बघायचा आणि त्याला दिवसाचे तीन-चार तास टपालाचं काम द्यायचं, त्याबद्दल भत्ता द्यायचा, पगार नाही. २००१ साली नाव बदललं आणि ग्रामीण डाक सेवक झालं. नाव बदललं पण जागा तीच राहिली, २०११ च्या नियमांत तर सरळ लिहून ठेवलंय की डाक सेवक हा केंद्र सरकारच्या नागरी सेवेच्या बाहेर राहील. आज देशात दीड लाखाच्या वर पोस्टऑफिसं आहेत, त्यातली जवळजवळ ९० टक्के खेड्यात, आणि ती खेड्यातली बहुतेक सगळी ह्या अडीच लाखांहून जास्त डाक सेवकांच्या जिवावर चालतात. म्हणजे खेड्यातल्या माणसाला सरकारी पोस्ट म्हणून जे दिसतं, ते चालवणारा माणूस सरकारच्या हिशेबात सरकारी नाही.

आणि ईडींच्या नियमांत आणखी एक अट होती जी मला सगळ्यात जास्त बोचते. ईडी म्हणून घ्यायचा माणूस असा पाहिजे की त्याला पोट भरायला दुसरं साधन आहे. नानांकडे ते होतं, आर्मीची पेन्शन. जवानाला पेन्शन लागायला पंधरा वर्षं सर्व्हिस लागते, नानांची सोळा झालेली, पस्तिसाव्या वर्षी घरी आले ते पेन्शन घेऊनच. म्हणजे फौजेत सोळा वर्षं काढून जे मिळवलं तेच टपालखात्याने पुढे धरलं, की बघा ह्यांचं पोट भरतंय, आपण थोडं दिलं तरी चालेल. एका सरकारी खात्याने केलेल्या उपकाराचा फायदा दुसऱ्या सरकारी खात्याने अठ्ठावीस वर्षं घेतला, ह्याला मी दुसरं काय म्हणू.

आता ते काम काय होतं ते सांगते, कारण चार तास चार तास असं कागदावर वाचलं की माणसाला वाटतं सकाळी नाश्ता करून एक फेरी मारली की झालं. राजापूरहून एसटीने थैली यायची, ती मास्तरांच्या ओटीवर फोडायची (ब्रँच पोस्ट म्हणजे पोस्टमास्तरांचं घरच असायचं, अजूनही बऱ्याच ठिकाणी तसंच आहे, जागासुद्धा डाक सेवकानेच द्यायची), टपाल लावायचं, तारखेचे शिक्के मारायचे आणि मग बटवड्याला निघायचं. आमच्या गावाला सात वाड्या. एक वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, दोन खाली समुद्राला लागून, मधे पाखाड्या, त्या उतरताना गुडघे बोलतात आणि चढताना छाती. पलीकडच्या गावांना तरीतून, म्हणजे होडीतून जायचं, होडी चालणार भरती-ओहोटी बघून, नानांचे चार तास बघून नाही. पावसात पऱ्या (ओढा) भरला की साकवावरून पाणी, मग तीन मैलांचा वळसा. डोक्यावर घोंगडीची खोळ, थैली आत पोटाशी, आणि मनीऑर्डरचे पैसे मेणकापडात गुंडाळून कमरेला. मी लहान असताना बघितलंय, आमच्या पडवीत येऊन आधी ते थैलीत हात घालून टपाल कोरडं आहे ना ते बघायचे आणि मग स्वतःचं तोंड पुसायचे.

त्या काळातलं कोकण म्हणजे मनीऑर्डरचं कोकण, हे वाक्य आता इतकं घासून गेलंय की त्याचा अर्थ कुणाला लागत नाही. अर्थ असा की घरात पुरुष नाही, तो लालबाग-परळला गिरणीत, दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा, आणि इथे त्याची बायको, म्हातारी, पोरं, चार कुणगे भात. ते भात दिवाळीनंतर काही महिने पुरणार. बाकीच्या वर्षाचं मीठ, तेल, शाळेची फी, डॉक्टर, सगळं त्या मनीऑर्डरवर. आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायला जागा असायची, बऱ्याच घरांत नवऱ्याचं पत्र म्हणून तेवढंच यायचं. ते वाचून कोण दाखवणार तर नाना. उत्तर कोण लिहिणार तर नाना. एकीच्या ओटीवर वाचलेलं दुसरीच्या ओटीवर गेलं असं अठ्ठावीस वर्षांत एकदाही झालं नाही, हे मला माझ्या आईने सांगितलंय आणि आई सहजासहजी कुणाचं कौतुक करणारी बाई नव्हती.

एक गोष्ट मी स्वतः बघितलीय. आमच्या वरच्या वाडीत एक घर होतं, सासरा ओटीवर बसलेला, मनीऑर्डर आलेली सुनेच्या नावाने. सासरा म्हणाला दे इकडे, मी घरात आहे की. नाना म्हणाले, नाव सुनेचं आहे, तिला बाहेर बोलवा. तो तापला, माझ्या मुलाचे पैसे आणि मला देत नाहीस, तू कोण मोठा लागून गेलास. नाना पायरीवर बसून राहिले, थैली मांडीवर. म्हणाले, मी बसतो, पण पैसे जिच्या नावाचे तिच्याच हातात जाणार. शेवटी ती बाहेर आली, घाबरलेली, डोक्यावरून पदर, अंगठा दिला, नानांनी नोटा तिच्या हातात मोजल्या, एकदा नाही दोनदा, मोठ्याने. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मला तेव्हा फक्त भांडण दिसलं. आज कळतं की ज्याच्या नावे आलं त्यालाच द्यायचं हा टपालाचा साधा नियम, पण तो पाळणारा माणूस असेल तर एका घरातल्या बाईचं घरातलं वजन बदलतं. आता सरकार बायकांच्या खात्यात थेट पैसे टाकतं आणि त्याचे कार्यक्रम होतात. हे काम त्या पायरीवर कधीच चालू झालं होतं.

मग १९८२ आलं. १८ जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. संपाबद्दल मुंबईकडून खूप लिहिलं गेलंय, पण तो संप कोकणात कसा पोचला हे बघायचं असेल तर पोस्टमनची थैली बघायला पाहिजे होती. फेब्रुवारीपासून मनीऑर्डरी कमी, शिमग्यापर्यंत आणखी कमी, पावसाळ्यात जवळजवळ नाहीच. पेपरात काही छापून यायच्या आधी नानांना माहीत होतं कुठल्या घरात चूल दोनदा पेटत नाहीये. नंतर एकदा ते मला म्हणाले होते, "लढाईत मला भीती वाटली ती आवाजाची. पण ब्याऐंशी साली खालच्या वाडीतून रिकाम्या हाताने जायचं म्हटलं की पायात गोळे यायचे. बायका काही विचारायच्या नाहीत गं, नुसत्या खळ्यात येऊन उभ्या राहायच्या." त्यांनी वाट बदलली नाही पण. रोज त्याच वाटेने गेले, काही नसलं तरी नाही म्हणून सांगायला थांबले. हे कुठल्या ड्यूटीचार्टमध्ये बसतं आणि त्याचे किती तास धरायचे?

१९९८ साली, पासष्टाव्या वर्षी, नानांना मोकळं केलं. थोडी एकरकमी रक्कम मिळाली, थैली परत घेतली, संपलं. ट्रंकेत आर्मीचं सगळं आहे, डिस्चार्ज बुक, समर सेवा स्टार, पलटणीचे फोटो. टपालाचं म्हणून घरात एक वस्तू नाही, सगळं खात्याचं होतं ते खात्याला गेलं.

त्यानंतर सत्तावीस वर्षं नाना जगले आणि ह्या सत्तावीस वर्षांत आर्मीने त्यांना विसरू दिलं नाही. वन रँक वन पेन्शन आली तेव्हा आकडा वाढला. २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, मोतिबिंदूचं ऑपरेशन त्यातूनच झालं. ऐंशी पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, म्हणजे माणूस म्हातारा होतोय ह्याची कुणीतरी कुठेतरी नोंद ठेवतंय. आता काकींना, म्हणजे नानांच्या बायकोला, फॅमिली पेन्शन चालू होईल. हे सगळं योग्य आहे आणि ह्यातला एक पैसा कमी व्हावा असं मी म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतेय की सोळा वर्षांच्या नोकरीची आठवण सरकार मरेपर्यंत आणि मेल्यानंतरही ठेवू शकतं, म्हणजे आठवण ठेवायची यंत्रणा सरकारकडे आहे. अठ्ठावीस वर्षांसाठी ती वापरली नाही, हा निर्णय आहे, कुणीतरी घेतलेला.

दर नोव्हेंबरात नानांच्या हयातीच्या दाखल्याचं काम असायचं. पूर्वी राजापुरात बँकेत जाऊन उभं राहावं लागायचं, अलीकडे पोस्ट पेमेंट्स बँकेतून घरी येऊन करून देतात, सत्तर रुपये घेतात. ही डाक सेविका यायची, मोबाईल आणि अंगठ्याचं मशीन घेऊन. नानांचे अंगठे उमटायचे नाहीत, रेषाच राहिल्या नव्हत्या, एक बोट, दुसरं बोट, पुसून परत, शेवटी चेहऱ्यावरून करायची. नाना तिला दरवेळी विचारायचे, तुला पेन्शन आहे का गं? ती हसून म्हणायची नाही नाना. ते गप्प बसायचे. दुसऱ्याच्या पेन्शनचा दाखला घरोघरी जाऊन करून देणाऱ्या मुलीला स्वतःला पेन्शन नाही, आणि ज्याचा करते तोही तिच्याच कामातून रिकाम्या हाताने बाहेर पडलेला, ते दोघं समोरासमोर बसलेले मी तीन-चार वर्षं बघितले आहेत.

लोक मला म्हणतात, अगं पण नानांना पेन्शन होती ना, मग कशाला एवढं. हाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो म्हणून पलीकडच्या गावच्या मास्तरांबद्दल सांगते. ते फौजेत नव्हते. ब्रँच पोस्टमास्तर, पस्तीसेक वर्षं, घराच्या ओटीवर पोस्ट, लोकांची बचत खाती, आरडी, ग्रामीण विमा सगळं हातातून गेलेलं, एक रुपया इकडचा तिकडे नाही. रिटायर झाल्यावर काजूच्या बागेवर आणि मुलांच्या मर्जीवर जगले, शेवटी औषधं अर्धी-अर्धी करून घ्यायचे. नानांना आर्मीने वाचवलं, मास्तरांना वाचवणारं कुणी नव्हतं. त्यामुळे नानांना पेन्शन होती हे उत्तर होऊच शकत नाही, नाना अपवाद होते.

कायद्याच्या अंगाने बघितलं तर गुंता आणखी आहे. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने राजम्मा केसमध्ये सांगितलं की ईडी हे नागरी पद धारण करतात, चौकशीशिवाय त्यांना काढता येणार नाही. म्हणजे काढताना ते सरकारचे. पण २०१९ मध्ये, गंडिबा बेहेरा केसमध्ये, ज्यांना डाक सेवकावरून पुढे खात्यात कायम केलं त्यांचीसुद्धा डाक सेवक म्हणून झालेली सर्व्हिस पेन्शनसाठी धरता येणार नाही असा निकाल लागला, कारण नियमांत तशी सोय नाही. कोर्ट नियम वाचतं, त्याला मी दोष देत नाही, नियम करणारे वेगळे आहेत. आणि आता ही दुसरी बाजू बघा. केंद्राच्या पेन्शन नियमांत अशी सोय आहे की माजी सैनिक नंतर नागरी नोकरीत कायम झाला तर त्याला आर्मीची सर्व्हिस नागरी पेन्शनसाठी जोडून घेता येते, आर्मीची पेन्शन सोडून. म्हणजे सीमेवर काढलेली वर्षं पोस्टाच्या पेन्शनला चालतात, पण पोस्टातच काढलेली वर्षं पोस्टाच्या पेन्शनला चालत नाहीत. मी हे दोन-तीनदा वाचलं, मला वाटलं माझी काहीतरी चूक होतेय.

पार्टटाइम काम होतं, हा एक मुद्दा नेहमी येतो. कागदावर आहे. पण २०१८ पासून जे भत्ते ठरले तेही चार तास आणि पाच तास असेच, शाखा पोस्टमास्तरला चार तासांचे सुरुवातीला १२,००० आणि पाच तासांचे १४,५००, बाकीच्यांना १०,००० आणि १२,०००, वर महागाई भत्ता. तेवढ्यासाठीसुद्धा त्या वर्षी मे-जूनमध्ये दोन आठवडे देशभर संप करावा लागला, डाक सेवकांसाठी नेमलेल्या कमलेशचंद्र समितीचा अहवाल २०१६ पासून पडून होता. आणि आमच्या डाक सेविकेचे चार तास मी बघते. सकाळी बटवडा, मग कुणाचे आधारवरून पैसे काढून द्यायचे, सुकन्याची खाती, विम्याचं टार्गेट, पार्सलं, आणि मोबाईल रात्री नऊलाही वाजतो. चार तासांचा माणूस म्हणून भत्ता द्यायचा आणि पूर्ण दिवसाची अपेक्षा ठेवायची, हे नानांच्या वेळीही होतं, फरक इतकाच की तेव्हा मधे खाडी होती आणि आता मोबाईलला रेंज मिळवायला सड्यावर चढावं लागतं.

दुसरा मुद्दा पैशाचा. अडीच लाख माणसांना पेन्शन कुठून द्यायची, टपालखातं आधीच तोट्यात. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, खरा आहे. उद्यापासून सगळ्यांना पूर्ण पेन्शन द्या असं म्हणून चालणार नाही हे मलाही कळतं. पण पोस्ट नफ्यासाठी आहे का? सड्यावरच्या एका घराला एक पत्र न्यायला जो खर्च येतो तो त्या पत्राच्या तिकिटातून कधीच निघणार नाही, पन्नास पैशाच्या कार्डातून तर नाहीच नाही. तरीही न्यायचं हे देशाने ठरवलंय, म्हणून पोस्ट सरकारी आहे. मग तोटा देशाचा असला पाहिजे. प्रत्यक्षात तो तोटा कोण भरत आलंय तर डाक सेवक, स्वतःच्या म्हातारपणातून. २०११ पासून सर्व्हिस डिस्चार्ज बेनिफिट म्हणून एक स्कीम आहे, काही रक्कम साठते, नाहीपेक्षा बरी. पण १९९८ ला किंवा २००४ ला जे बाहेर पडले त्यांना ती नाही, आणि ही माणसं आता पंच्याऐंशी-नव्वदीची आहेत, कितीशी उरली असतील. त्यांना महिन्याला काही ठराविक रक्कम आणि औषधपाण्याची सोय करायला देशाची तिजोरी रिकामी होणार नाही. निदान ह्यांच्यापासून सुरुवात करा.

तिसरा मुद्दा, आता पत्रं कोण लिहितं. नाही लिहीत, बरोबर. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, त्याच सुमाराला नाना गेले. रजिस्टर म्हटलं की नाना उभं राहून सही घ्यायचे, पेन स्वतःचं द्यायचे. पण पत्रं संपली म्हणून पत्रं ज्यांनी वाटली त्यांचं देणं कसं संपतं? गिरण्या बंद पडल्या म्हणून कामगारांचे पीएफचे पैसे बुडवा असं कुणी म्हणतं का? आणि काम संपलेलंही नाही, बदललंय, वर सांगितलंच.

एक आणखी सांगायचंय, थोडं बाजूचं आहे पण माझ्या मनात हे एकत्रच येतं. माझ्या पिढीला वाटायचं की एक दिवस टपालवाल्यालाही फौजीसारखं वागवतील. झालं उलटं. २०२२ च्या जूनमध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीस ठेवणार, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख देऊन घरी, पेन्शन नाही. आमच्या तालुक्यातलीही पोरं गेलीत. ती चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी परत येतील तेव्हा त्यांच्याजवळ नानांसारखी पलटणीची पेन्शन नसेल, आणि गावात त्यांना काय काम मिळेल, तर कदाचित डाक सेवकाचं, त्यालाही पेन्शन नाही. म्हणजे नानांच्या आयुष्याची दोन टोकं होती, एक मोजलेलं आणि एक न मोजलेलं, आता दोन्ही न मोजलेली करून ठेवली आहेत. सैन्याला तरुण माणसं पाहिजेत हे कारण मला समजतं, पण तरुण माणूस म्हातारा होणारच आहे आणि तो आपल्याच गावात होणार आहे.

पिनकोड काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे मोठे पंडित, टपालखात्यात मोठ्या पदावर, १९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला. नानांना त्याचा केवढा अभिमान, घरोघरी सहा आकडे पाठ करून घेतले होते त्यांनी, मुंबईला पत्र टाकताना उलट पत्त्यावर घाला म्हणून सांगायचे. आमच्या शाळेतल्या किती मुलांना वेलणकरांचं नाव माहीत आहे म्हणून मी परवा विचारलं, एकाने हात वर केला नाही. टपालाच्या माणसांची आठवण ठेवायची सवयच आपल्याला लावलेली नाही, वरपासून खालपर्यंत.

म्हणून मी ठरवलंय की २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा. मी २०२० ला मुंबई सोडून आले ती इथेच राहिले, मतदार यादीत नाव आहे, मला मांडता येतो. ठराव साधा आहे. एक, डाक सेवक म्हणून केलेली सेवा पेन्शनसाठी धरावी अशी ही ग्रामसभा केंद्र सरकारला विनंती करते. दोन, २०११ च्या आधी निवृत्त झालेल्या हयात ईडी कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा ठराविक रक्कम आणि वैद्यकीय मदत मिळावी. तीन, आपल्या गावात आजवर टपालाचं काम केलेल्या सगळ्यांची नावं आणि वर्षं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावीत, हे तर आपल्याच हातात आहे, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. एका ग्रामसभेच्या ठरावाने काय होणार असं सरपंच म्हणाले. मी म्हटलं रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून किती ग्रामपंचायती आहेत, प्रत्येकीत एक तरी नाना होऊन गेलेत, त्यांनी सगळ्यांनी पाठवला तर?

मसुदा घेऊन परवा काकींकडे गेले. त्यांना दिसत कमी म्हणून मी वाचून दाखवला. भिंतीवरच्या यादीत पहिलं नाव नानांचं घातलंय, पुढे १९७० ते १९९८. काकींनी मधेच थांबवलं. म्हणाल्या, नुसतं सत्तर नको घालूस, जून सत्तर घाल. मृगाचा पाऊस होता पहिल्या दिवशी, सगळं टपाल कोरडं आणलंन आणि स्वतः तापाने पडलं. मी तिथेच पेन काढून जून घातलं.